एकाच भुंगेऱ्याला दोन नावं का पडतात: जवळच्या स्कॅरॅब जाती वेगळ्या करताना होणाऱ्या चुका आणि त्यांची दुरुस्ती

रंग जुळला, लांबी जुळली, फोटोही जुळला आणि तरी नाव चुकलं. स्कॅरॅब भुंगेऱ्यांच्या, म्हणजे शेणकिडे, गेंडा भुंगे, हुमणीचे भुंगेरे यांच्या कुळाच्या, बाबतीत ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. एकाच दिव्याखाली एकाच रात्री मिळालेल्या आठ नमुन्यांना चार नावं पडतात, नाहीतर खरोखर वेगळ्या असलेल्या दोन जाती एका डबीत एकाच लेबलखाली जाऊन बसतात. दोन्ही चुकांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. रंग, आकारमान आणि शिंग या तीन गोष्टी सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात आणि एकाच जातीच्या आत सगळ्यात जास्त बदलतातही त्याच. न बदलणाऱ्या खुणा नख्यांवर, स्पर्शिकेच्या सांध्यांत, छातीखाली आणि नराच्या जननांगात असतात. त्या शोधाव्या लागतात, म्हणून त्या शेवटी पाहिल्या जातात. हा क्रम उलटा केला की निम्म्याहून जास्त घोळ तिथेच सुटतात.

नमुना भिंगाखाली घेण्याआधी

10 पट मोठं दाखवणारं हातातलं भिंग असलं तरी गट आणि बऱ्याचदा वंश ठरवता येतो. जातीसाठी 20 ते 40 पट वाढवणारा स्टीरिओ मायक्रोस्कोप लागतो. त्याहून महत्त्वाचा आहे प्रकाश. एलईडीचा झोत एका बाजूने चकचकीत पाठीवर पडला की पाठीवरचे बारीक खळगे असतात त्यापेक्षा खोल आणि दाट दिसतात. ‘खळगे दाट की विरळ’ या प्रश्नावर मग चुकीचं उत्तर दिलं जातं. नमुन्याभोवती ट्रेसिंग पेपरची 5 ते 6 सेंटीमीटर उंचीची नळी उभी करा आणि दिवा बाहेरून लावा. झगझगाट जातो आणि खळग्यांची खरी कड दिसते.

नमुना कोरडा हवा. अल्कोहोलमधून काढून तसाच पाहिलेला भुंगेरा रंग, केस आणि खवले या तिन्ही बाबतींत फसवतो. होप्लिया सेरुलिया या युरोपीय जातीचा नर कोरडा असताना निळा आणि ओला झाला की हिरवा दिसतो, कारण तो रंग खवल्यांच्या आतल्या थरांमधून येतो आणि त्या थरांत पाणी शिरतं. केस ओले असले की अंगाला चिकटतात आणि ‘पाठ केसाळ’ असलेली जात ‘गुळगुळीत’ ठरते. टिपकागदावर ठेवून निदान एक तास वाळू द्या.

माती किंवा शेण लागलेलं असेल तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून मऊ ब्रशने साफ करा. पण ब्रश लावण्याआधी अंगावर खवले किंवा केसांचे झुपके आहेत का ते भिंगातून पाहून घ्या. ते एकदा झडले की परत येत नाहीत आणि नेमकी तीच खूण पुढे लागते.

जिवंत भुंगेरा तपासून सोडायचा असेल तर त्याला 10 ते 15 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. तो पुरेसा संथ होतो. काही जातींना कायद्याचं संरक्षण आहे, उदाहरणार्थ युरोपात ऑस्मोडर्मा एरेमिटाला. म्हणून मारायचा निर्णय नियम पाहूनच घ्या.

पहिली चूक: चुकीच्या दारातून आत शिरणं

जातीवरचा वाद कधी कधी कुळाच्या पायरीवरच चुकलेला असतो. स्कॅरॅबची ओळख म्हणजे स्पर्शिकेच्या टोकाला असलेली पानं. ती पंख्यासारखी उघडतात आणि मिटल्यावर एक घट्ट गोळा होतो. पानं उघडीच राहत असतील आणि स्पर्शिका कोपरात वाकलेली असेल तर तो ल्युकॅनिडी कुळातला आहे. अंग खरबरीत, मातकट आणि पोटाखाली सहाऐवजी पाचच पट्ट्या दिसत असतील तर ट्रॉजिडी. स्पर्शिकेचे सांधे अकरा भरले तर जिओट्रुपिडी. स्कॅरॅबिडीत ते दहापर्यंतच असतात.

कुळ पक्कं झालं की गट. इथे मागच्या पायाच्या नख्या सगळ्यात जास्त काम करतात. दोन नख्यांपैकी एक स्पष्ट मोठी, एक लहान आणि सुईने ढकलल्यावर दोघी स्वतंत्रपणे हलतात, तर रुटेला गट. ॲनोमाला, पॉपिलिया, ॲडोरेटस हे सगळे त्यातले. दोन्ही सारख्या आणि प्रत्येकीच्या आतल्या बाजूला दात किंवा चीर असेल तर बहुधा मेलोलोंथा गट. हुमणीचे बहुसंख्य भुंगेरे इथेच येतात. मात्र होप्लियाच्या मागच्या पायाला एकच नखी असते. ती तुटलेली समजून पुढे जाऊ नका. दोन्ही सारख्या, साध्या, आणि वरून पाहताना जबड्यांची टोकं डोक्याच्या कडेबाहेर दिसतात, तर गेंडा भुंग्याचा डायनॅस्टिस गट. या गटातल्या सायक्लोसेफालासारख्या काही वंशांत नराच्या पुढच्या पायाची एक नखी जाड झालेली असते. म्हणून नख्यांचा निर्णय मागच्या पायावरच घ्यायचा.

सेटोनिया गटात कवचपंखाची, म्हणजे पाठीवरच्या कडक पंखाची, बाहेरची कड खांद्याच्या मागे आत वळलेली असते. त्या खाचेतून खालचे पंख बाहेर काढून हे भुंगेरे कवचपंख न उघडता उडतात. शेणकिड्यांचे दोन मोठे गट मागच्या नडगीच्या टोकाशी वेगळे होतात. स्कॅरॅबियस गटात तिथे एक काटा असतो, ॲफोडियस गटात दोन. इथेच आणखी एक फसगत होते. खुद्द स्कॅरॅबियस वंशात पुढच्या पायाला नडगीपुढचं पाऊलच नसतं. नमुना मोडका आहे असं समजून ‘पाऊल: माहीत नाही’ लिहिलं जातं आणि हातातली सगळ्यात सोपी खूण वाया जाते.

रंगामुळे नाव चुकतंय

सेटोनिया ऑराटा हिरवा असतो, तांबूस असतो, कधी निळसर काळाही असतो. प्रोटेशिया क्युप्रिया या त्याच्या शेजारच्या वंशातल्या जातीतही हेच सगळे रंग मिळतात. कवचपंखांवरच्या पांढऱ्या रेघा दोघांतही कमीजास्त असतात. पाठीवरून काढलेला फोटो कितीही सुरेख असला तरी या जोडीत बोलतं ते पोट.

भुंगेरा उलटा करा आणि मधल्या दोन पायांच्या मुळांमध्ये पाहा. तिथून पुढे डोकावणारा छातीचा एक उंचवटा असतो. सेटोनियात तो लहान, गोलसर, मण्यासारखा असतो. प्रोटेशियात तो रुंद आणि चपटा असतो, पुढून दाबल्यासारखा. 10 पटीच्या भिंगात हा फरक एका नजरेत कळतो आणि रंग, वय, झीज यांपैकी कशाचाही त्यावर परिणाम होत नाही. केसांनी झाकलेला असेल तर ओल्या ब्रशने केस बाजूला सारा. जिवंत नमुना पारदर्शक पेटीत ठेवून खालून फोटो काढला तरी भागतं. फोटो पाठवून नाव विचारणाऱ्याने पाठ, बाजू आणि पोट असे तीन फोटो काढायची सवय लावली तर उलटसुलट उत्तरं बरीच कमी होतील.

रंगाबाबत आणखी एक गोष्ट. कोशातून नुकताच निघालेला भुंगेरा फिकट आणि मऊ असतो आणि पक्का रंग यायला वेळ लागतो. गडद तपकिरी जातीचा असा फिकट नमुना शेजारच्या पिवळट जातीच्या नावावर जातो. कवचपंख टाचणीच्या डोक्याने हलकेच दाबून पाहा. लवचीकपणे दबला तर रंगावरून काहीही ठरवू नका.

झीज: खूण होती, आता नाही

पॉपिलिया जापोनिका, म्हणजे जपानी भुंगेरा, अमेरिकेत न्यू जर्सीत 1916 मध्ये आणि इटलीत 2014 मध्ये सापडला. तेव्हापासून दर हंगामात त्याच्या नावाने खोट्या वर्द्या येतात. युरोपात अनेकदा तो फायलोपर्था हॉर्टिकोला असतो. आकार जवळपास तोच, 8 ते 11 मिमी, डोकं-छाती हिरवी, पंख तपकिरी. फरक कडेला आहे. जपानी भुंगेऱ्याच्या पोटाच्या प्रत्येक बाजूला पांढऱ्या केसांचे पाच झुपके कवचपंखाबाहेर दिसतात आणि पायजिडियमवर, म्हणजे पंखांमागे उघड्या राहणाऱ्या शेवटच्या पट्टीवर, आणखी दोन. फायलोपर्थात हे झुपके नसतात.

पण म्हाताऱ्या नमुन्यात झुपके झिजतात. अशा वेळी पांढरं काही दिसत नाही म्हणून जात नाकारू नका. केस गेले तरी त्यांची मुळं राहतात. 30 पटीखाली पायजिडियमवर बारीक खळग्यांचे दोन दाट पुंजके आहेत का ते पाहा. उलट बाजूही ध्यानात ठेवा. झुपके दिसले म्हणजे जापोनिकाच, असंही नाही, कारण पूर्व आशियातल्या पॉपिलिया क्वाड्रिगटाटालाही असेच झुपके असतात. झुपक्यांनी वंश हाती लागतो. जात ठरवताना प्रदेश आणि बाकीच्या खुणा सोबत घ्याव्या लागतात.

खवल्यांचंही तेच. ल्युकोफोलिस लेपिडोफोराचं नावच खवल्यांवरून पडलं आहे. मातीत वावरून खवले घासले गेलेला नमुना मात्र नुसता तपकिरी भुंगेरा दिसतो. खवले शेवटी कुठे उरतात? पायांच्या मुळांशी, पोटाच्या पट्ट्यांच्या सांध्यांत आणि कवचपंखाच्या कडेखाली. तिथे शोधा.

पुढच्या नडगीचे दात सगळ्यात जास्त झिजतात, कारण खणायचं काम त्यांचं. ओळखतक्त्यात, म्हणजे एकेक खूण विचारत नावापर्यंत नेणाऱ्या यादीत, ‘पुढच्या नडगीला तीन दात’ या पायरीवर अडकलात तर दोन्ही पाय पाहा आणि त्याच ठिकाणचे आणखी तीन-चार नमुने पाहा. झिजलेल्या दाताचं टोक बोथट आणि चकचकीत असतं. मुळात नसलेल्या दाताच्या जागी कड सरळ, सलग जाते.

शिंग आणि आकारमान

ऑन्थोफॅगस टॉरस या शेणकिड्याच्या मोठ्या नराला मागे वळलेली लांब शिंगं असतात आणि लहान नराला जेमतेम खुंट. मधल्या मापाची शिंगं क्वचितच दिसतात. शिंग येणं अळीला मिळालेल्या खाद्यावर अवलंबून असतं. प्रोनोटम, म्हणजे डोक्यामागची ढाल, साधारण 5 मिमी रुंदीच्या पुढे गेली की शिंग एकदम वाढतं. म्हणून एकाच शेणाच्या पोवात शिंगवाले, खुंटवाले आणि बिनशिंगी असे तीन प्रकार मिळाले तर तीन जाती मांडण्याआधी लिंग तपासा. बिनशिंगी बहुधा माद्या असतील आणि खुंटवाले त्याच जातीचे कमी पोसलेले नर.

गेंडा भुंग्यात, ओरिक्टस र्‍हायनोसेरॉसमध्ये, शिंगाच्या लांबीवरून नर-मादी ठरवणं ही नेहमीची चूक. मोठ्या मादीचं शिंग लहान नराएवढं असू शकतं. पोटाचं मागचं टोक पाहा. मादीत तिथे तांबूस तपकिरी केसांचा दाट झुबका असतो, नरात तो भाग जवळजवळ गुळगुळीत असतो.

लांबी मोजताना कुठून कुठपर्यंत मोजली ते लिहा. डोक्याच्या पुढच्या कडेपासून कवचपंखांच्या टोकापर्यंत, शिंग आणि बाहेर आलेलं पोट सोडून, हे माप बरं. पोट ओलं असताना फुगतं आणि वाळल्यावर आत जातं, त्यामुळे ते धरलं तर त्याच भुंगेऱ्याच्या दोन मापांत सहज 2 मिमी फरक पडतो. शंका असेल तर प्रोनोटमची सर्वाधिक रुंदी द्या. ते माप हलत नाही.

स्पर्शिकेचे सांधे मोजताना एक कमी-जास्त होतो

हे किरकोळ वाटतं, पण वंशच इथे बदलतो. ॲम्फिमॅलॉनच्या स्पर्शिकेला नऊ सांधे असतात, रायझोट्रोगसला दहा. दोघे रंगाने, आकाराने आणि वागण्याने इतके जवळचे की एक सांधा चुकला की पुढची सगळी तपासणी दुसऱ्या वंशात होते.

चूक बहुतेक वेळा मध्यभागी होते. पहिला सांधा लांब आणि टोकाला जाड, दुसरा मण्यासारखा गोल. हे दोन सगळ्यांना दिसतात. शेवटची पानं तर दिसतातच. त्यांच्या अगदी आधीचा सांधा चपटा, बशीसारखा होऊन पानांच्या मुळाला चिकटलेला असतो. वरून पाहिलं तर तो पहिल्या पानाचाच भाग वाटतो. स्पर्शिका बाजूने पाहा, पानं सुईने थोडी उघडा, खालून उजेड द्या. सांध्यांमधल्या फिकट रेषा मोजण्यापेक्षा प्रत्येक सांध्याची बाहेरची कड मोजणं सोपं जातं. काही नमुन्यांत मधले दोन सांधे अर्धवट जुळलेले असतात, तेही एकाच बाजूला. म्हणून दोन्ही स्पर्शिका मोजायच्या. आकडे वेगळे आले तर मोठा आकडा धरून आणखी एक नमुना पाहा.

पानांची संख्या आणि लांबी लिंगानुसार बदलते, हेही इथेच सांगायला हवं. मेलोलोंथा वंशात नराला सात लांब पानं, मादीला सहा आखूड पानं. नर-मादी शेजारी ठेवून ‘या दोन जाती’ असा निष्कर्ष याच एका फरकावरून अनेकदा निघतो. याच वंशातल्या मेलोलोंथा मेलोलोंथा आणि मेलोलोंथा हिप्पोकास्टॅनी या जोडीत खरी खूण पायजिडियमच्या टोकाशी असते. पहिल्यात ते टोक सावकाश निमुळतं होत लांब जातं. दुसऱ्यात ते आखूड असतं, एकदम अरुंद होतं आणि शेवटी किंचित गाठीसारखं रुंदावतं. वरून पाहिलं तर दोन्ही सारखीच वाटू शकतात. नमुना असा कलता करा की पायजिडियमचा सपाट भाग नजरेला काटकोनात येईल. हिप्पोकास्टॅनीच्या काही माद्यांत ही गाठ इतकी लहान असते की निर्णय नरावर सोडलेला बरा.

होलोट्रायकिया: जिथे बाहेरून काही ठरत नाही

हुमणीच्या भुंगेऱ्यांत सगळ्यात जास्त गोंधळ याच वंशात आहे. त्यातल्या सेराटा या जातीच्या नावाचा अर्थ करवतीसारखी दातेरी कड. पण प्रोनोटमची दातेरी कड या वंशातल्या इतर जातींनाही असते, तेव्हा नावावर विसंबू नका. सेराटा मोठा आणि गडद म्हणून एक वेळ बाजूला काढता येतो. रेनॉडी आणि कॉन्सँग्विनिया या वंशातल्या दोन जाती मात्र रंग, माप, केस या कशानेही खात्रीने सुटत नाहीत. भारताच्या वायव्य भागात कॉन्सँग्विनिया आणि दक्षिण-मध्य भागात रेनॉडी, हा प्रदेशाचा आधार उपयोगी आहे, पण तो पुरावा नव्हे. गंधसापळाही मदत करत नाही. दोन्ही जातींच्या माद्या नराला बोलावण्यासाठी ॲनिसोल हेच रसायन सोडतात, त्यामुळे ॲनिसोलच्या सापळ्यात कोण आलं यावरून जात कळत नाही. सापळ्यावर लिहिलेलं नाव नमुन्याच्या लेबलवर उतरवणं हा या कामातला सगळ्यात महागडा आळस आहे.

इथे नराचं जननांग काढावंच लागतं. एकदा हात बसला की एका नमुन्याला दहा मिनिटं पुरतात.

जननांग काढणं, आणि ते बिघडतं कुठे

वाळलेला नमुना आधी मऊ करा. 10 मिमीच्या भुंगेऱ्याला गरम, पण न उकळणाऱ्या, पाण्यात 15 ते 20 मिनिटं पुरतात. 20 मिमीच्या वर पाऊण तास ते तास. ताज्या मेलेल्याला याची गरज नाही. घाई करून कडक नमुन्यात सुई घातली तर पायजिडियम तडकतं आणि आतला अवयव मुळाशी तुटतो. हीच सगळ्यात जास्त होणारी नासधूस.

भुंगेरा पोटावर झोपवून डाव्या हाताने धरा. पायजिडियम आणि पोटाची शेवटची पट्टी यांच्यामध्ये फट असते. टोकाला किंचित वाकवलेली बारीक टाचणी तिथून आडवी आत सरकवा, आत गेल्यावर पाव वळण फिरवा आणि हळू मागे ओढा. कडक, तपकिरी, नळीसारखं काहीतरी आकड्याला लागेल. तेच ते. मऊ पांढरं काही आलं तर ते आतडं, ते सोडा आणि पुन्हा शोधा. काहीच कडक लागलं नाही तर बहुधा ती मादी आहे.

सोबत आलेले स्नायू घालवायला 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण वापरा. कोमट द्रावणात 5 ते 15 मिनिटं, नाहीतर थंड द्रावणात रात्रभर. हे द्रावण डोळ्यांना आणि कातडीला जाळतं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा लावूनच काम करा. जास्त वेळ राहिलं तर आतली पातळ पिशवी पारदर्शक होऊन हरवते. ऑन्थोफॅगससारख्या शेणकिड्यांत नेमकी या पिशवीतली कडक पट्टीच जात सांगते, त्यामुळे दर पाच मिनिटांनी डोकावत राहा. मग पाण्याने दोनदा धुवा, पाण्यात व्हिनेगरचा थेंब टाकून अल्कली मारा आणि अवयव ग्लिसरीनमध्ये घ्या.

आता पाहायचं काय? नळीच्या टोकाला चिमट्याच्या दोन टोकांसारखे पॅरामीअर असतात. त्यांची लांबी, वाक, टोकाचा आकार आणि दोघांमधली फट महत्त्वाची. ते वरून, बाजूने आणि थेट टोकाकडून असे तिन्ही कोनांतून पाहा. दहा-पंधरा अंशांचा कल आला तरी गोल टोक टोकदार दिसतं, आणि पुस्तकातल्या चित्राशी न जुळणाऱ्या बऱ्याच ‘नव्या’ जाती या कलातून जन्माला येतात. अवयव स्थिर राहत नसेल तर लहान बशीत हात निर्जंतुक करायच्या जेलचा पाव सेंटीमीटर थर घाला आणि त्यात तो हवा तसा रोवा. जेल त्याला धरून ठेवते, पाण्यात विरघळते आणि मागे काही राहत नाही.

सेरिका गटात, म्हणजे मखमली दिसणाऱ्या सेरिका, मॅलाडेरा वगैरेंत, डावा आणि उजवा पॅरामीअर बऱ्याचदा वेगवेगळ्या आकाराचे असतात. इथे फोटो आरशासारखा उलटला तर जात बदलते. काही कॅमेरे आणि मायक्रोस्कोपची काही सॉफ्टवेअर प्रतिमा आडवी उलटवतात आणि ते लक्षातही येत नाही. छापील अक्षरांचा कपटा नमुन्याशेजारी ठेवून एक फोटो घ्या. अक्षरं सरळ वाचता आली तर प्रतिमाही सरळ.

काम झालं की अवयव पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाने छोट्या कार्डावर चिकटवा आणि ते कार्ड त्याच भुंगेऱ्याच्या टाचणीवर, त्याच्या खाली टोचा. ‘उद्या लावू’ म्हणून बशीत ठेवलेले तीन अवयव दुसऱ्या दिवशी कोणाचे ते कोणीच सांगू शकत नाही.

अळीवरून ओळखायचं असेल तर

सगळ्या हुमण्या पांढऱ्या आणि इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या असतात, म्हणून त्यांचा फोटो वरून काढण्यात अर्थ नाही. दोन गोष्टी कामाच्या. पहिली, चाल. अळी सपाट पृष्ठभागावर ठेवा. ती पाठीवर वळून, पाय आभाळाकडे करून सरपटत निघाली तर ती सेटोनिया गटातली. कुजलेल्या खतात मिळणाऱ्या अळ्या अनेकदा याच असतात आणि मुळं खाणाऱ्या समजून उगाच मारल्या जातात.

दुसरी, शेवटच्या वळ्याची खालची बाजू. गुदाची चीर आडवी असेल तर रुटेला किंवा डायनॅस्टिस गट, वाय किंवा व्ही आकाराची असेल तर मेलोलोंथा गट. चिरेच्या पुढच्या भागात ताठ काट्यांची मांडणी असते. जपानी भुंगेऱ्यात सहा-सात काट्यांच्या दोन आखूड ओळी मिळून व्ही होतो. फायलोपर्थात दोन ओळी समांतर जातात. मेलोलोंथा मेलोलोंथात प्रत्येक ओळीत 25 ते 30 काटे असतात. ॲम्फिमॅलॉन मजालिसमध्ये समांतर ओळी चिरेजवळ एकमेकींपासून फाकतात. सायक्लोसेफालात ओळ नसतेच, काटे विखुरलेले असतात. हे सगळं तिसऱ्या, शेवटच्या अवस्थेतल्या अळीत नीट दिसतं. लहान अळीत काटे मोजून जातीचं नाव देऊ नका.

अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली की काळी पडते आणि काटे दिसेनासे होतात. आधी उकळून उतरवलेल्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, मग 70 ते 80 टक्के अल्कोहोलमध्ये घाला. डीएनए तपासायचा असेल तर गरम पाण्याआधी एक पाय कापून 95 टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा. पोटाचा तुकडा देऊ नका, कारण त्यात खाल्लेल्या अन्नाचाही डीएनए असतो. बारकोडकडून, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखण्याकडून, फार अपेक्षाही ठेवू नका. नुकत्याच वेगळ्या झालेल्या जातींचे बारकोड सारखे येऊ शकतात.

सगळं नीट केलं तरी दोन नावं येताहेत

मग आधी हे पाहा की ती खरंच दोन नावं आहेत का. ॲनोमाला ओरिएंटॅलिस, एक्सोमाला ओरिएंटॅलिस आणि ब्लिटोपर्था ओरिएंटॅलिस हा एकच भुंगेरा. मॅलाडेरा कॅस्टॅनिया म्हणून ज्याची माहिती सगळीकडे आहे त्याला आता मॅलाडेरा फॉर्मोसी म्हणतात. पोटोशिया क्युप्रिया म्हणजेच प्रोटेशिया क्युप्रिया. दोघेही बरोबर असताना तासन्‌तास वाद चाललेला असतो.

दुसरं, ओळखतक्ता कुठल्या प्रदेशासाठी लिहिला आहे ते वाचा. दुसऱ्या प्रदेशाचा तक्ता अडखळत नाही. तो त्याच्या यादीतल्या सगळ्यात जवळच्या जातीपाशी नेऊन सोडतो आणि उत्तर अगदी स्वच्छ दिसतं. तक्त्यातून नाव आलं की त्या जातीचं पूर्ण वर्णन काढा आणि तक्त्यात न विचारलेल्या निदान तीन खुणा नमुन्यावर पडताळा. एकही न जुळणारी निघाली तर मागे जा. ‘केस लांब’, ‘खळगे दाट’ अशा सापेक्ष शब्दांवर जिथे फाटा फुटला होता तिथून सुरुवात करा.

आणि हाती एकटी मादी असेल किंवा फक्त पाठीचा फोटो असेल, तर वंशावर थांबा. ‘होलोट्रायकिया, मादी, सेराटा नाही’ हे लेबल पूर्ण आणि खरं आहे. त्यावर ठिकाण, तारीख, वेळ, दिवा की झाड की माती हे लिहा, आणि त्याच रात्री, त्याच झाडावर मिळालेला नर जवळच्या टाचणीला लावून ठेवा. पुढे कोणी त्याचं जननांग पाहिलं की मादीच्या नावाचा प्रश्नही सुटण्याच्या जवळ येतो.